आई हा संदर्भ होत नाही

पडद्यावर माझी पानं होती आणि ती लाल झाली होती.

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाचा सेमिनार. खिडक्या बंद, प्रोजेक्टर चालू, बाहेर रणरणती दुपार. माझ्या लघुप्रबंधाचं तिसरं प्रकरण सरांनी सगळ्या वर्गासमोर उघडलं होतं. प्लॅगॅरिझमचा रिपोर्ट ग्रंथालयातून आला होता. सॉफ्टवेअरला जिथं जिथं नक्कल सापडली तिथं तिथं लाल रंग. ओळीच्या ओळी. पानंच्या पानं.

"नीट बघून घ्या," सर म्हणाले. "चोरी अशी दिसते."

मी उभी होते. बस म्हणाले नव्हते म्हणून उभी. मागच्या बाकावर कुणीतरी हसू दाबलं. मग सरांनी मला विचारलं, "घरीसुद्धा दुसऱ्याच्या टोपलीत हात घालता का गं तुम्ही लोक?"

तुम्ही लोक. माझं आडनाव सांगितलं की आमच्या जिल्ह्यात गाव आणि धंदा वेगळा विचारावा लागत नाही. एकदा वर्गात माझ्या तोंडून 'मला'ऐवजी 'माका' निसटलं होतं, तर सरांनी महिनाभर मला 'माका' म्हणूनच हाक मारली होती. तेव्हा मी मान खाली घालून 'हजर' म्हणायचे.

त्या दिवशी मात्र मी मान वर करून पडद्याकडे बघितलं. मी लाल ओळी वाचत होते. त्या ओळी माझ्या आईच्या होत्या.

मी तोंडवलीची. आई खाडीतली कालवं काढते. सुकती लागली, पाणी उतरलं, की आमच्या वाडीतल्या बायका खडपांवर, उघड्या पडलेल्या खडकांवर, जातात. कालवं म्हणजे दगडाला घट्ट चिकटलेले शिंपले; ते छोट्या कोयतीनं सोडवायचे, घरी आणून एकेक फोडायचा, आतला गर काढून विकायचा. आईच्या बोटांवर चिरा नाहीत असा एक दिवस मला आठवत नाही. त्या बोटांनीच मला कॉलेजात पाठवलं.

विषय मी हाच घेतला. कालवं काढणाऱ्या बायका आणि त्यांची खाडी. आमच्या खाडीत प्रत्येक दगडाला नाव आहे. कुठला दगड सुकतीला आधी उघडा पडतो, कुठल्याला या वर्षी हात लावायचा नाही, कुठं पाय घसरतो, सगळं बायकांना पाठ. आई बोलत गेली, मी फोनवर रेकॉर्ड करत गेले. मग लिहून काढलं. प्रत्येक परिच्छेदाखाली संदर्भ दिला, अगदी वर्गात शिकवला होता तसा. आडनाव, नाव, प्रत्यक्ष मुलाखत, गाव.

सर माझे गाइड. कच्चं प्रकरण घेऊन मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी लाल पेन काढलं आणि पहिल्याच पानावर थांबले.

"ही बाई कोण?"

"आई, सर. तिनंच सांगितलंय सगळं."

"आई हा संदर्भ होत नाही." पेन आडवं फिरलं. "संदर्भ म्हणजे लेखक, साल, प्रकाशक, पान नंबर. तुझ्या आईला प्रकाशक आहे का?"

चहा घेऊन आलेल्या सरांच्या पत्नी हसल्या. मीही हसले. टेबलावर माझाच डबा होता, आईनं सरांसाठी दिलेला, सोललेल्या कालवांनी भरलेला. सरांनी झाकण उघडून वास घेतला आणि म्हणाले, "तुमच्याकडची कालवं छान असतात हं. पुढच्या वेळी जरा जास्त आण." कालवं चालत होती. आई चालत नव्हती.

मी सगळीकडचं आईचं नाव काढून टाकलं. प्रकरण सरांनी ठेवून घेतलं, "बघतो" म्हणाले. डबाही तिथंच राहिला. त्यानंतर काही महिन्यांनी त्या प्रकरणाचा लेख होऊन एका नियतकालिकात छापून आला, हे मला कुणी सांगितलं नाही. ते मला त्या पडद्यावर कळलं. लाल ओळींच्या शेजारी सॉफ्टवेअरनं मूळ मालकाचं नाव दाखवलं होतं. सरांचं आडनाव आणि साल.

आपण आधी बोट दाखवलं की आपल्याकडे कुणी बघत नाही, हे सरांना बरोबर ठाऊक होतं.

सेमिनारनंतर केबिनमध्ये सरांचा आवाज मऊ झाला. "घाबरू नकोस. माझ्या लेखाचा संदर्भ दे. कंस टाक, माझं आडनाव, साल. लाल सगळं निघून जाईल."

"सर, ते मीच तुम्हाला दिलं होतं."

"तू माहिती दिलीस. संशोधन मी केलं. हा फरक शिकायलाच आलीयस ना इथं?" आणि मग, फाइल बंद करता करता, "सोमवार शेवटचा दिवस. सही माझी लागते."

विभागप्रमुख मॅडमकडे गेले. त्या वाईट नाहीत. त्यांनी पाणी दिलं. म्हणाल्या, "एक कंस टाकायला काय जातं गं? जरा धोरणानं घे. पुढं पीएच.डी. करायचीय ना तुला?" करायची होती. वाडीतून इतकी शिकलेली मीच पहिली. सही मिळाली नाही तर वर्ष जाणार आणि पीएच.डी.ची दारं सरांच्याच शिफारशीनं उघडणार होती. हे सगळं मला कळत होतं. न कळण्याइतकी मी मूर्ख नव्हते.

एसटीत बसून सरांचा लेख फोनवर उघडला. आईनं सांगितलेले दगड, आईनं सांगितलेल्या क्रमानं. माझी वाक्यं, फक्त जड केलेली. वाचत गेले आणि एका नावावर अडकले.

चिंगीचो फातर.

चिंगी म्हणजे मी. घरातलं लाडाचं नाव. लहान असताना मी आईच्या मागं खाडीवर जायचा हट्ट करायचे. पाण्यात पडू नये म्हणून आई मला एका सपाट दगडावर बसवून ठेवायची आणि भरती लागेपर्यंत मी तिथं भोकाड पसरून बसायचे. तेव्हापासून तो दगड चिंगीचो फातर. फक्त आमच्या घरात. शेजारच्या काकीलासुद्धा दगडाचं ते नाव माहीत नाही. आईनं बोलता बोलता यादीत सांगितलं, मीही तसंच लिहिलं. घरातली गोष्ट प्रबंधात कशाला फोड करून सांगायची, म्हणून पुढं काही लिहिलं नव्हतं.

सरांनी लिहिलं होतं: 'चिंगी हे लुप्त झालेल्या एखाद्या जलदेवतेचे नाव असावे. सदर स्त्रियांना मात्र त्याचे विस्मरण झालेले दिसते.'

मी मोठ्यानं हसले. कंडक्टरनं वळून बघितलं. मग हसू थांबलं आणि अंगाची आग आग झाली. मी खिडकीशी जिवंत बसले होते, मांडीवर पिशवी, हातात तिकीट, आणि या माणसानं मला लुप्त करून टाकलं होतं. आईला विसरभोळी ठरवलं होतं. वर चोर कोण, तर मी. स्टॉपवर उतरल्यावर घरी सरळ गेलेच नाही. खाडीच्या बांधावरून उगाच येरझाऱ्या घालत राहिले.

आई मागच्या पडवीत कालवं फोडत होती. सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती चिडेल.

"घाल गो तेचा नाव," आई म्हणाली. हात थांबला नाही. "माका काय पुस्तकात जावचा आसा? तू पास हो."

"तुका कायच वाटना नाय?"

"वाटान काय करू? सही तेचीच व्हयी ना?"

मला आईचा राग आला. सरांचा आला नव्हता इतका. मी तिच्यासमोर बसले आणि लेख मोठ्यानं वाचायला लागले, अडेल तिथं सोपं करून सांगत. देवीपाशी आले तशी आई खो खो हसली. "देवी? अगो, नाकातसून शेंबूड गळत होतो तुझ्या!"

मी पुढं वाचलं. 'या स्त्रिया परंपरेने चालत आलेली कृती अजाणतेपणे करतात. त्यामागील कारणांची त्यांना जाणीव नसते.'

"म्हंजे काय?"

"म्हणजे तुम्ही करता, पण का करता ते तुम्हाला कळत नाही."

कोयती थांबली. आईनं ती खाली ठेवली, हात पदराला पुसले.

"ह्यां तेका कोणी सांगल्यान?"

मी फोन खाली ठेवला.

"तो कधी इललो खाडीर? माका इचारल्यान? तुझ्या काकयेक इचारल्यान? मगे कोणी सांगल्यान ता सांग."

वर्षभर आम्हाला संदर्भ शिकवले होते. स्वल्पविराम कुठं, तिरपी अक्षरं कुठं, पुस्तकाचं नाव आधी की साल आधी. मार्क त्यालाच होते. पण हे सगळं कशासाठी, ते कुणी सांगितलं नव्हतं. कोणी सांगितलं ते सांग, एवढंच तर ते होतं. ज्यानं सांगितलं त्याचं नाव पुसून सांगितलेलं वापरायचं नाही, एवढंच. सर ते दर सोमवारी फळ्यावर लिहायचे आणि घरी जाऊन आईच्या नावावर पेन फिरवायचे.

"मगे घालू तेचा नाव?" मी विचारलं.

आईनं कोयती पुन्हा उचलली. एक कालव फोडलं, गर वाटीत टाकला.

"नको," म्हणाली. "माझा घाल. पुरा घाल."

वाडीत तिला सगळे चिंगीची आवस, म्हणजे चिंगीची आई, म्हणतात. तिचं नाव शेवंती आहे, हे आधार कार्डाबाहेर फारसं कुणाला माहीत नाही.

सोमवारी बांधून घेतलेली प्रत सरांच्या टेबलावर ठेवली. मॅडमही होत्या. सरांनी थेट शेवट उघडला, संदर्भसूचीवरून बोट फिरवलं. आईचं नाव होतं. आडनाव, मग शेवंती, प्रत्यक्ष मुलाखत, तोंडवली.

"माझा लेख कुठाय?"

"तिसऱ्या प्रकरणात आहे, सर. तळटीप बघा."

त्यांनी पान काढलं. तळटीप अशी होती: 'चिंगी हे देवतेचे नाव असल्याचे विधान एका प्रकाशित लेखात केलेले आहे. ते चुकीचे आहे. चिंगी म्हणजे प्रस्तुत लघुप्रबंधाची लेखिका.' खाली सरांच्या लेखाचा पूर्ण तपशील, एक स्वल्पविराम इकडचा तिकडे नाही. त्याखाली आईचा.

सरांचे कान लाल झाले. मॅडमनी प्रत ओढून वाचली आणि खिडकीकडे बघायला लागल्या.

"यावर मी सही करणार नाही."

"माहीत आहे, सर."

"वर्ष जाईल तुझं."

"जाऊ दे."

"कोण समजतेस तू स्वतःला?"

कॉलेजच्या केबिनमध्ये मी कधी घरची बोली बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "चिंगी, सर. जिती आसंय मी. तुमच्या फुड्यात उभी आसंय."

दारापर्यंत जाऊन परत वळले. "आणि आईचा डबा तुमच्या घरी राहिलाय. तो परत हवा."

वर्ष गेलं. बरोबरच्या मुलींनी काळे झगे घालून फोटो काढले, मी ते फोनवर बघितले आणि रात्रभर तळमळले. खोटं का सांगू? सरांचा लेख अजून तिथंच आहे. परवा कळलं, दुसऱ्या कॉलेजच्या एका मुलानं आपल्या प्रबंधात त्याचा संदर्भ दिलाय. म्हणजे देवी आता दोन ठिकाणी झाली. मी विद्यापीठाला अर्ज केलाय, सोबत आईचं रेकॉर्डिंग जोडलंय. उत्तर नाही. पुन्हा अर्ज केलाय. पुन्हा प्रवेशही घेतलाय. गाइड व्हायला कुणी तयार नाही, तरी रोज एकेकाच्या दारात जाऊन उभी राहते.

सुकतीला आईबरोबर खाडीवर जाते. एकेका बाईला विचारून लिहून घेते. पण दगडाचं नाव नंतर. आधी तिचं. कुणाची आवस, कुणाची बायल, ते नको, तुझं पुरं नाव सांग, म्हणते. बायका लाजतात, मग सांगतात. ही सगळी नावं सूचीत जातील. कुणाच्याही सहीसाठी त्यातलं एक खोडणार नाही. अजून एक वर्ष मागितलं तर तेही देईन.

डबा कॉलेजच्या शिपायाकरवी परत आला, रिकामा. आईचं नाव अजून त्या लेखात आलेलं नाही. ते मी आणणार.