एक सोडून

हॉस्टेलच्या मेसमध्ये कुणी ‘सगळ्यांना चहा?’ असं ओरडलं की कोपऱ्यातून हमखास आवाज यायचा, ‘एक सोडून!’ त्याला चहा आवडत नव्हता असं नाही. पाच मिनिटांनी माझ्याच कपातला अर्धा चहा तो पिऊन टाकायचा. पण आपल्याला न विचारता आपण ‘सगळ्यां’मध्ये धरले गेलो, हे काही त्याला सहन व्हायचं नाही. म्हणून त्याचं नाव पडलं एकसोडून. खरं नाव फक्त हजेरीच्या वेळी ऐकू यायचं.

देशभर शाखा असलेल्या आमच्या विद्यार्थी बंधुसंघाचं हॉस्टेल घाटकोपरला आणि कचेरी अंधेरीला. संघाच्या नियामक मंडळावर विद्यार्थ्यांचा एक प्रतिनिधी घ्यायची पद्धत आहे. पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायचे, फोटोत कडेला उभं राहायचं आणि ठराव वाचून अध्यक्षांनी ‘सर्वानुमते?’ असं विचारलं की मान हलवायची, एवढंच त्याचं काम. आम्ही एकसोडूनला निवडून दिलं ते निव्वळ मजा बघायला. मी त्याचा रूममेट आणि बदली प्रतिनिधी, म्हणून मागच्या खुर्चीवर मीही असायचो.

पहिल्या सभेत त्याने पुष्पगुच्छ दिले, तेही अगदी वाकून. मग ठराव आला, हॉस्टेलची व्यवस्था समाधानकारक असल्याचा.

‘सर्वानुमते?’

‘एक सोडून,’ हा म्हणाला.

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. ‘कोण तो एक?’

‘हॉस्टेल, साहेब. पाण्याच्या टाकीचं झाकण तुटलंय. आत कबुतरं पडतात. आम्ही तेच पाणी पितो.’

अध्यक्ष तसे वाईट माणूस नव्हते. हसले. ‘अरे, आमच्या वेळी आम्ही विहिरीचं पाणी प्यायचो. बरं, पुढच्या सभेत घेऊ,’ म्हणाले. इतिवृत्तात मात्र ‘सर्वानुमते मंजूर’ असंच आलं.

पुढे तो खेळच होऊन बसला. ठराव कसलाही असो, हा ‘एक सोडून’ म्हणणार, अध्यक्ष ‘कोण तो एक?’ विचारणार, हा ‘हॉस्टेल’ म्हणणार आणि सगळं मंडळ हसणार. शेवटी शेवटी तर लोक आधीपासूनच हसू लागले. परतताना मी चिडायचो. ‘सोड ना यार, टिंगल करतात ते तुझी.’

‘हसूदेत रे. हसून हसून कंटाळले की झाकण घालतील.’

हॉस्टेलमध्ये इलेक्ट्रिक केटलला बंदी होती. मी एक लपवून आणली होती आणि पाणी उकळून प्यायचो. त्याला रोज एक बाटली भरून द्यायचो, ती तो रोज तशीच परत ठेवायचा. ‘मी उकळलेलं प्यायलो तर सभेत काय सांगू? आम्ही पितो म्हणून? प्रतिनिधी आहे मी.’ जन्मभर ‘एक सोडून’ म्हणणाऱ्या या गाढवाला पाण्याच्या बाबतीत मात्र सगळ्यांमध्येच राहायचं होतं. मी त्याला खूप शिव्या दिल्या. आजही देतो.

पावसाळ्याच्या शेवटी त्याचे डोळे पिवळे दिसू लागले. त्या महिन्यात हॉस्टेलमधल्या बऱ्याच मुलांना कावीळ झाली. कुणी गावी गेलं, कुणी इथेच पेज पीत पडून राहिलं. सगळे बरे झाले. याच्यापुढचे दोन शब्द माझ्याने लिहवत नाहीत.

त्याच आठवड्यात टाकी धुतली गेली आणि नवं झाकणही बसलं. त्यासाठी कुठलाही ठराव लागला नाही.

शोकसभेला मालवणहून त्याची आई आली होती. सभा सुरू व्हायच्या आधी तिने मला हळूच विचारलं, ‘माझो झील तुमच्या ह्या मोठ्या सभेत बोलायचो काय रे? घरात तर तोंड उघडूचो नाय.’ तिला पुढच्या रांगेत बसवलं आणि मी टेबलाशी त्याच्या खुर्चीवर जाऊन बसलो. आता प्रतिनिधी मी होतो.

अध्यक्षांनी ठराव वाचला. ‘आपले विद्यार्थी प्रतिनिधी यांच्या आकस्मिक निधनाबद्दल हे मंडळ तीव्र दुःख व्यक्त करीत आहे.’ मग चष्मा सारखा करून त्यांनी विचारलं, ‘सर्वानुमते?’

मी उठलो.

‘एक सोडून.’

‘कोण तो एक?’ त्यांच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

या वेळी कुणी हसलं नाही.

‘हॉस्टेल, साहेब. आकस्मिक नाही हे. तो दर सभेत सांगत होता.’

अध्यक्षांची मान खाली गेली. ती माउली पदराने डोळे पुसत माझ्याकडे बघत होती.

‘माझो झील असो बोलायचो?’ तिने विचारलं.

मी मान हलवली.