पाठीवरून नेल्याची गोष्ट

माझे अब्बा एकेकाळचे पैलवान. चंदगडच्या एका पैलवानाशी कुस्ती चालू असताना त्याचा खांदा निखळला; अब्बांनी डाव सोडला, त्याला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला आणि दोघं जन्माचे दोस्त झाले, असं मी लहानपणापासून ऐकत आले. ते काका दर महिन्याला एसटीनं काजू घेऊन घरी यायचे. मग शंका कशाला घ्यायची?

मी कसबा बावड्यात शिक्षिका आहे. गेल्या हिवाळ्यात शाळेच्या क्रीडादिनाला दोघांना बोलावलं. मुख्याध्यापकांनी तीच गोष्ट चांगली रंगवून सांगितली. टाळ्या झाल्या. मग काकांनी माईक घेतला.

"पाठीवर? ह्यानं? पोरांनो, मी बोंबलतोय खांदा गेला, खांदा गेला, आणि ह्यो म्हणतोय, आधी पाठ टेकव! चितपट केलं आणि गेला की फेटा बांधून घ्यायला!"

मैदान हसत सुटलं. क्षणभर माझा चेहरा उतरला. इतकी वर्षं मी ती गोष्ट अभिमानानं सांगत होते. अब्बांकडं बघितलं, तर ते पोट धरून हसत होते.

"खरं हाय," ते जागेवरूनच ओरडले. "मला वाटलं, नाटक करतोय!"

त्यानंतर कितीतरी वर्षं दोघं बोलत नव्हते, काका सांगू लागले. मग एका लग्नात कुणीतरी त्यांना पंगतीत शेजारी बसवलं. निम्मं जेवण दोघांनी आपापल्या पानात बघत उरकलं. शेवटी अब्बांनी विचारलं, "खांदा कसा हाय?"

"थंडीत दुखतोय. दुखला की तुला शिव्या देतो."

"दे. माझं चुकलंच."

एवढंच. पुढच्या महिन्यात काका काजू घेऊन दारात हजर.

"मग पाठीवरची गोष्ट कुणी रचली?" मी न राहवून विचारलं.

"मीच की! हरलो म्हणून गावात कसं सांगायचं? म्हटलं, कुस्ती निम्म्यावर सुटली."

"आणि त्यात मी लई चांगला दिसत होतो," अब्बा म्हणाले. "मग मी कशाला न्हाय म्हणू?"

आठवीतल्या एका मुलीनं हात वर केला. "आता लढलात तर कोण जिंकंल?"

लगेच टेबल आलं. दोन म्हातारे पंजा लढवायला बसले, मुलं बाकांवर चढली. काकांनी चांगल्या हातानं अब्बांना आडवं केलं.

"कोपर उचललंस!" अब्बा ओरडले.

"न्हाय उचललं!"

एसटी स्टँडवर काकांना सोडेपर्यंत रिक्षात हेच चाललं होतं. मी दोघांच्या मधे बसून खूप हसले.