सात मणक्यांची मान

दर रविवारी मटण शिजत घातलं की चार तास चुलीपाशी बसावं लागतं, आणि चार तास रिकामी बसलेली माणसं काही ना काही घोळ घालतातच. आमच्याकडे असे घोळ इतके साठलेत की सांगायला बसलं तर रस्सा आटून जाईल. आम्ही म्हणजे तिघं. दौंडला रेल्वेतून रिटायर झालेले आप्पा, शिरूरहून मोटरसायकलवर येणारा दत्ता आणि मी. चूल आप्पांच्या अंगणात. मटण आणायचं काम माझं, त्यामुळं काळजीही माझीच.

*

आप्पांचा नियम एकच. फरा, म्हणजे मागच्या मांडीचं मटण, घ्यायचं नाही. ते महाग, आणि सगळ्यांना तेच हवं असतं. आपण मान घ्यायची, जोडीला नळ्या. "बोकड दिसभर चरताना मान खालीवर करतंय. राबलेलं मटण शिजाया येळ घेतं, पर रस्सा त्याचाच," असं ते सांगायचे.

पहिल्यांदा मी एकटा गेलो, तेव्हा दुकानदारानं पिशवीत काय भरलं ते बघायचीही माझी हिंमत झाली नाही. घरी आप्पांनी तुकडे ताटात ओळीनं मांडले आणि मोजले.

"मानेत सात मणके असत्यात. हितं पाच हायेत. दोन कुठं सांडलंस?"

परत गेलो. घाबरत घाबरत सांगितलं. दुकानदारानं ब्रही न काढता दोन मणके पिशवीत टाकले.

*

दत्ताला हा नियम पटत नव्हता. कंपनीत परमनंट झाला तेव्हा त्यानं शिरूरहून झकास फरा आणला आणि तोही चार तास शिजवला. फऱ्याला एवढं सोसत नाही. त्याचे नुसते दोरे झाले.

आप्पा बराच वेळ चावत राहिले. मग म्हणाले, "दत्ता, हे खायचं का विणायचं?"

*

एकदा आप्पांचे व्याही जेवायला येणार होते. मान निबर वाटत होती. शिजली नाही तर आप्पांची शोभा होईल, या धास्तीनं मी गुपचूप कच्च्या पपईचा तुकडा पातेल्यात टाकला. नंतर कळलं, दत्तानंही टाकला होता. आप्पांच्या मंडळींनी, आमच्या काकींनीही टाकला होता. झाकण काढलं तर आत स्वच्छ हाडं.

व्याह्यांनी दोनदा पळी फिरवून बघितली.

"घ्या पाव्हणं," आप्पा शांतपणे म्हणाले, "मटण रश्श्यातच हाय. आज जरा लाजतंय."

*

यंदा आप्पांच्या पोटाचं ऑपरेशन झालं. घरी आले, पण अन्नावरची वासनाच गेली. काकी ताट न्यायच्या आणि तसंच परत आणायच्या. डॉक्टरांनी मला आणि दत्ताला बाजूला घेतलं होतं. "रिपोर्ट आल्याशिवाय काही सांगत नाही. पण त्यांना आवडेल ते खाऊ घाला," एवढंच म्हणाले. ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

रविवारी दुकानात उभा राहिलो. मान समोर ठोकळ्यावर होती. आणि माझ्या तोंडून "फरा द्या" असं निघून गेलं. वाटलं, या वेळी तरी आप्पांना चांगल्यातलं द्यावं.

अळणी केली, म्हणजे बिनतिखटाचा, हळदीचा पातळ रस्सा. काकींनी वाटी आप्पांच्या ओठाला लावली. एक घोट घेऊन आप्पांनी आतला तुकडा चमच्यानं उलटा केला आणि माझ्याकडं बघितलं.

"फरा?"

मी मान डोलावली.

"डॉक्टर काय म्हणलं रं?"

"काय न्हाई, आप्पा. दुकानात मानच नव्हती."

"आज बिनमानेचं बोकड कापलं व्हय?"

दत्ता खिडकीबाहेर बघायला लागला. आप्पांनी काकींच्या हातातली वाटी काढून घेतली आणि माझ्या हातात दिली.

"हे तू पी. मला म्होरल्या ऐतवारी मान आण. सात मोजून घीन."