चोराचा चहा

आमच्या ऑर्केस्ट्रातले आम्ही चौघं अजूनही भेटतो. गुडघे, शुगर आणि सुना हे विषय दहा मिनिटांत आटोपतात. मग कोणीतरी म्हणतं, "उमरेडचा प्रोग्राम आठवते का गा?" झालं! एका किश्श्याचं शेपूट धरून दुसरा येतो, चहा गार होतो आणि घरून निरोप येईपर्यंत कोणी उठत नाही. त्यातले निम्मे किस्से सुखदेवचे आणि सुखदेवचे सगळे एकाच हरकतीचे, म्हणजे सुरांच्या एका छोट्या वळणाचे.

सत्तरच्या आसपासची गोष्ट. नागपूरच्या सीताबर्डीत एका सायकलच्या दुकानाच्या माडीवर आमची प्रॅक्टिस चालायची. मी अकॉर्डियन वाजवायचो. आमचे लीडर गुणवंतभाऊ त्याला 'भाता ओढणं' म्हणत. त्यांचा एक कायदा होता. वाजवताना कोणी दुसऱ्याची हरकत उचलली आणि पकडला गेला, तर चोराने सगळ्यांना चहा पाजायचा. पहिला कप मात्र मालकाला, म्हणजे जिच्यावर हात मारला त्या हरकतीच्या धन्याला. या कायद्यापायी खालचा चहावाला आमच्यावर फार खूश असे.

*

सुखदेव नागपुरातल्याच इंदोरा वस्तीतला. लोको शेडमध्ये फिटर आणि आमच्याकडे सॅक्सोफोनवर. त्याचे वडील तानबाजी लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवायचे. इंदोऱ्यापासून अजनीच्या रेल्वे क्वार्टर्सपर्यंत त्यांच्याशिवाय वरात निघत नसे. पुढे दात पडले आणि क्लॅरोनेट पेटीत गेलं. ते पोराने उचलावं एवढीच त्यांची इच्छा होती. पोराने जुना सॅक्सोफोन घरी आणला.

"हे वाकडं नळकांडं काहून आणलं गा?" तानबाजी म्हणाले. "साहेबाची नक्कल करतं काय?"

त्यानंतर ते पोराच्या एकाही प्रोग्रामला आले नाहीत. सुखदेव दर वेळी वडिलांसाठी पास न्यायचा आणि दर वेळी पहिल्या रांगेतली एक खुर्ची रिकामी राहायची. टाळ्या वाजत असायच्या आणि हा त्या खुर्चीकडे बघत असायचा. आम्हाला फार वाईट वाटायचं.

*

ती हरकत त्याने पहिल्यांदा वाजवली तेव्हा आम्ही सगळेच थांबलो. सूर चढत चढत वर जायचा, आता पोचला असं वाटायचं, तेवढ्यात दारातून माघारी फिरल्यासारखा वळायचा आणि घसरत खाली यायचा.

रज्जाकमियाँने ढोलकवरचा हात उचलला. "ये तो हमारे उर्स की कव्वाली का है. चल, चाय मँगवा."

सुखदेवने निमूटपणे चहा मागवला. पहिला कप रज्जाकमियाँला.

*

मग उमरेडचा प्रोग्राम. खाणीवरची माणसं मैदानात सतरंजीवर बसली होती. सुखदेवने हरकत घेतली आणि मधूनच एक म्हातारा उठून उभा राहिला.

"हे आमच्या दंडारीच्या नाचातलं होय," तो म्हणाला. बाकीच्यांनी माना हलवल्या.

गुणवंतभाऊ माइक झाकून सुखदेवला म्हणाले, "आता अख्ख्या उमरेडले चहा पाजतं का गा?"

*

सदर बाजारात एक रेकॉर्डवाला होता. घ्यायचं काही नसलं तरी तो ऐकवायचा. एकदा त्याने अमेरिकेतली एक रेकॉर्ड लावली. कव्हरवर एक काळासावळा माणूस, डोळे मिटलेले, गाल फुगलेले, तोंडात सॅक्सोफोन. आणि मधेच तीच हरकत, तोच माघारी फिरणारा सूर!

"आता बोल," रज्जाकमियाँ म्हणाला. "इस मालिक को चाय कैसे भेजेगा?"

सुखदेवने खरंच चहा मागवला आणि पहिला कप रेकॉर्ड प्लेयरसमोर ठेवला. दुकानदार ओरडला, मशीनवर सांडेल म्हणून. सुखदेवचं तिकडे लक्ष नव्हतं. तो कव्हर हातात घेऊन बघत होता.

"गाल फुगले का माहा बाप असाच दिसे," तो म्हणाला.

*

शेवटी गुणवंतभाऊंनीच त्याला विचारलं, "खरं सांग, ही हरकत कोणाची आहे?"

"डेरिकसाहेबाची."

डेरिकसाहेब रेल्वेत गार्ड, अजनीला राहणारा अँग्लो-इंडियन. शनिवारी संध्याकाळी रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे क्लबात, साहेब-मेमसाहेबांचा डान्स असे, तिथे तो सॅक्सोफोन वाजवायचा. सुखदेव शिफ्ट संपवून बाहेर खिडकीपाशी उभा राहायचा आणि कानाने उचलायचा. बोलायची हिंमत त्याला कधी झाली नाही.

"रज्जाकमियाँ, तुले कप दिला तो उगाच," तो म्हणाला. "पहिला कप त्या साहेबाचा."

*

डेरिकसाहेब रिटायर झाला आणि मुलीकडे ऑस्ट्रेलियाला निघाला. सेंड-ऑफ इन्स्टिट्यूटमध्येच होता आणि ऑर्केस्ट्रा आमचा. सुखदेव दिवसभर काही जेवला नाही.

रज्जाकमियाँ मात्र दुपारीच इंदोऱ्याला जाऊन आला होता. तानबाजींना म्हणाला होता, "जो साहब आपका लड़का ले गया, उसकी शकल तो देख लो."

आणि तानबाजी आले! पांढरं धोतर, काळी टोपी. पहिल्या रांगेत न बसता दाराजवळच्या खुर्चीवर बसले. सुखदेवने त्यांना पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी अकॉर्डियनचा पट्टा घट्ट केला, दुसरं काय करणार?

त्याने हरकत वाजवली.  मग तो स्टेजवरून उतरला, कपबशी घेतली आणि साहेबापुढे उभा राहिला. 

"साहब, ये आपका है. चोर मैं," असं म्हणून त्याने आमचा कायदा समजावून सांगितला.

साहेबाने कप हातात घेतला, पण प्याला नाही. "हमारी खिड़की से सीखा?"

"जी."

साहेब मोठ्याने हसला. मग त्याची नजर दाराकडे गेली आणि हसणं थांबलं. तो भरला कप दोन्ही हातांनी सांभाळत सगळा हॉल ओलांडून गेला आणि तानबाजींपुढे वाकला.

"मास्टर, आपके क्लॅरोनेट की हर बारात मेरी खिड़की के नीचे से जाती थी," तो म्हणाला. "पहला कप आपका."

तानबाजींनी चहा बशीत ओतला, फुंकर मारली, घोट घेतला. मग पोराकडे बघून म्हणाले,

"उतरतानी घाई करून राहिला तू. पुन्हा वाजव."