केस क्रमांक बारा

"केस क्रमांक बारा. वय अठ्ठावीस. शिक्षण बी.ए. नवऱ्याला सोडून माहेरी राहते. स्वभाव हट्टी."

बाई कागद वाचत होत्या आणि आम्ही अकरा जणी वहीत उतरवून घेत होतो. मीसुद्धा. पुढच्या ओळीला माझं पेन थांबलं. "डाव्या दंडावर जळाल्याची खूण. तिच्या म्हणण्याप्रमाणे नवऱ्याने चुलीतलं जळतं लाकूड लावलं." दहा माना माझ्याकडे वळल्या. कागदावर माझं नाव नव्हतं, पण वर्गात नवरा सोडलेली मी एकटीच होते.

"दाखव गं दंड," बाई म्हणाल्या. "लाजायचं काय त्यात? या शिकायला आल्यात."

मी बाही वर केली. हो, केली. आजही मला माझी चीड येते ती याचसाठी.

रत्नागिरीतलं ते कुटुंब सल्ला केंद्र. भांडून आलेल्या नवराबायकोंशी बोलणारी सल्लागार व्हायचं, तर आधी बी.ए. हवं, मग दोन वर्षांचा अभ्यासक्रम आणि शेवटी केंद्रात सहा महिने काम केल्याचा दाखला. दाखल्यावर सही केंद्र चालवणाऱ्या बाईंची. बी.ए. मी बाहेरून केलं, लोकांच्या शेतात लावणी करत. दोन वर्षंही काढली, सहा महिने संपत आले होते. आता एक सही तेवढी उरली होती.

बाई बड्या आंबा बागायतदाराच्या घरातल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला जवळ बसवून विचारलं होतं, "मनात काय आहे ते बोल. इथलं बाहेर जाणार नाही." मी भडाभडा सगळं सांगून टाकलं. त्यांनी ते लिहून ठेवलं.

वर्ग सुटल्यावर मी विचारलं, "बाई, माझं का वाचलंत?"

"अगं, तुमच्यात मारहाण घरोघरी. तुला काय एवढं लागलं त्यात?"

तुमच्यात! बागायतदाराच्या घरातली एकही केस केंद्राच्या कपाटात नव्हती. त्यांच्यातल्या बायका काय आंब्यांसारख्या पेंढ्यात जपून ठेवल्या होत्या?

पुढच्या सोमवारी केंद्रात गेले, तर समोर तो. गिरणी बंद पडल्यावर मुंबईहून गावी परतलेला माझा नवरा. बाईंनी पत्र घालून बोलावला होता. अंगात इस्त्रीचा शर्ट. मला त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसवलं. दहा जणी भिंतीकडेला वह्या उघडून तयार.

"चल गो घरला," तो म्हणाला. "झाला ता झाला."

"बघ, स्वतःहून म्हणतोय," बाई म्हणाल्या. "तू हो म्हण. मी समेट लिहिते आणि तुझ्या दाखल्यावरही आत्ताच सही करते. जिला स्वतःचा संसार सावरता येत नाही, ती दुसऱ्यांचे काय सावरणार?"

माझं डोकं सणकलं. समोरच्याचा निर्णय सल्लागाराने घ्यायचा नाही. समोरच्याचं गुपित फोडायचं नाही. परीक्षेत मी हे लिहिलं होतं. पैकीच्या पैकी गुण बाईंनीच दिले होते.

मी उठले. टेबलावरचं रजिस्टर ओढलं. बारा नंबरपुढे निकालाच्या रकान्यात लिहिलं, समेट नाही. नवऱ्याच्या नावाची जागा कोरी होती. गोपनीय म्हणे. माझा दंड उघडा आणि त्याचं नाव झाकलेलं. तिथे मी त्याचं पूर्ण नाव लिहिलं, बापाच्या नावासकट.

"सही विसर आता," बाई म्हणाल्या.

"विसरले."

दाखला मिळाला नाही, आणि त्याशिवाय अभ्यासक्रम पुरा धरत नाहीत. दोन वर्षं पाण्यात गेली. त्या रात्रंदिवस केलेल्या अभ्यासासाठी मी रडलेही, खोटं कशाला बोलू?

येत्या जूनला कोल्हापुरात पहिल्यापासून सुरू करतेय. पुन्हा दोन वर्षं, पुन्हा सहा महिने, दुसऱ्या कुणाची तरी सही. ती मिळवीन. आणि परत येऊन रत्नागिरीतच टेबल टाकीन. माझ्यासमोर बसलेल्या बाईला मी बाही वर करायला सांगणार नाही. तिने आपणहून केली, तर तिचा हात धरून पोलीस ठाण्यात जाईन. मग ती बागायतदाराची सून असली तरी.