अध्यक्षांच्या चष्म्याची खूण

संसदेत तरुणांच्या प्रश्नांची एक स्थायी समिती आहे. तिच्या बैठकीच्या खोलीत पाणी द्यायला एक बाई होत्या. खासदारांपासून शिपायांपर्यंत सगळे त्यांना मावशीच म्हणत. बाई टापटिपीच्या, चालल्या तर पावलांचा आवाज नाही. आणि त्यांच्या हातात एक असं कसब होतं, की ते कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं.

बाहेरून बोलायला आलेलं माणूस लांबण लावू लागलं, की अध्यक्ष चष्मा काढून टेबलावर ठेवत. लगेच मावशी भरला पेला घेऊन त्या माणसापुढे वाकत. माणूस बिचारं थांबे, आभार मानी, घोट घेई. तेवढ्यात अध्यक्ष म्हणत, "छान बोललात. आता पुढचे." कुणाचा अपमान नाही, की आवाज चढवणं नाही. मावशींना याचा भारी तोरा. घरी सांगत, "भल्याभल्या प्राध्यापकांची तोंडं बंद केलीयत मी, तीही नुसत्या पाण्यानं!"

अशात त्यांच्या बहिणीच्या मुलीला समितीचं बोलावणं आलं. ती विजेच्या फिटिंगचं काम शिकत होती, ते प्रशिक्षण केंद्र बंद व्हायला टेकलं होतं. सगळ्या मुलांच्या वतीनं बोलायचं म्हणून पोरगी आली, ती मावशीकडेच उतरली. आदल्या संध्याकाळी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून तिनं भाषण म्हणून दाखवलं. आधी आभार, मग केंद्राची हकिगत, शेवटी मागणी: निदान संध्याकाळचे वर्ग तरी ठेवा, दिवसा आम्ही कामावर असतो.

"आभार आवर जरा," मावशी म्हणाल्या. "सत्काराला चाललीयस का?"

"असू दे गं, मोठी माणसं आहेत."

झालं तसंच. पोरगी आभारात गुंतली. मग हकिगत, तीही ऐसपैस. अध्यक्षांनी चष्मा काढला.

मावशींच्या डोक्यात काही यायच्या आत पाय निघाले. अर्ध्या खोलीत आल्यावर ध्यानात आलं, आपण कुणाकडे चाललोय. मागं फिरता आलं असतं. पण सगळे बघत होते, आणि त्यांच्या हातून खूण कधी चुकली नव्हती. त्यांनी पेला ठेवला. पोरगी त्यांच्याकडे बघून हसली, प्याली.

"छान बोललात," अध्यक्ष म्हणाले. "आता पुढचे."

घरी आल्यावर पोरगी आईला फोनवर सांगत होती, "घसा सुकला होता बघ, मावशीनं बरोब्बर ओळखलं! मागणी तेवढी राहिली. वेळ संपला वाटतं."

मावशींना ते कौतुक ऐकवेना. फोन ठेवल्यावर म्हणाल्या, "वेळ संपला नव्हता. मी संपवला." आणि खाली मान घालून चष्म्याचं सगळं सांगून टाकलं.

पोरीनं विचारलं, "मागणी राहिलीय, हे तुला ठाऊक होतं?"

"होतं."

"सगळ्यांत आधी तुलाच म्हणून दाखवलं होतं गं मी."

जेवताना तिला ठसका लागला. मावशी सवयीनं उठल्या, पेला भरला.

"राहू दे," पोरगी म्हणाली, आणि स्वतः उठून तिनं पाणी घेतलं.

मावशी भरला पेला हातात धरून उभ्या. तो कुठे ठेवावा, हेच त्यांना सुचेना.