जावयाचा मेकअप

आमच्या अमेरिकेतल्या चँडलर गावच्या मराठी मंडळात गणपतीचं नाटक गेली सतरा वर्षं मी बसवते. दिग्दर्शन माझं, मेकअप माझा, आणि तालमीला उशिरा येणाऱ्यांच्या नावानं खडे फोडायचं कामही माझंच. नाटक नेहमी विनोदी. जेवणं झाल्यावर गंभीर काही लावलं की अर्धं प्रेक्षागृह घोरतं, हे मी या कानांनी ऐकलंय. आणि दर नाटकात एक गोरा साहेब लागतो. नसला तर मी घुसवते. तो साहेब माझा नवरा करतो. तोंडाला पांढरा रंग, डोक्यावर सोनेरी विग, आणि 'टुमी लोक काय कर्टा' अशी भाषा. बस्स, लोक खुर्चीवरून पडायचे तेवढे बाकी राहतात.

नवऱ्याला हे वेड एका जुन्या इंग्रजी सिनेमामुळे लागलं. कॉलेजात असताना त्यानं तो पुण्यात चारदा पाहिला होता. त्यात एक गोरा नट तोंडाला तपकिरी रंग फासून भारतीय प्रोफेसर झालाय. आगगाडीत भिंतीतला पलंग काही त्याला उघडता येत नाही आणि तो मान डोलवत सगळ्यांची माफी मागत फिरतो. इथे आल्यावर नवऱ्यानं आधी त्याची कॅसेट घेतली, मग डीव्हीडी. दर सुट्टीला लावायचा आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसायचा. मला सिनेमा ठीकठाक वाटायचा, पण त्याचं हसणं बघायला मी स्वयंपाक सोडून येऊन बसायची.

लहानपणी आमची लेकही त्याच्या मांडीवर बसून खिदळायची. अकराव्या वर्षी एकदम बंद. 'इट्स स्टुपिड,' म्हणाली आणि वर निघून गेली. आम्ही म्हटलं, झालं सुरू, आता बापाचं काहीही आवडायचं नाही. विषय संपला.

दोन वर्षांपूर्वी तिनं एका अमेरिकन मुलाशी लग्न केलं. मुलगा सोन्यासारखा. ऑनलाइन क्लास लावून मराठी शिकला, तीही आपल्यापेक्षा शुद्ध. आम्ही सॉरी म्हणतो, हा 'क्षमस्व' म्हणतो! गेल्या वर्षी तालमी सुरू व्हायच्या आधी मला म्हणाला, "आई, मला नाटकात काम करायचं आहे." मला आभाळ ठेंगणं झालं.

साहजिकच मी त्याला साहेबाचं काम वाचायला दिलं. बिचाऱ्या नवऱ्याचा चेहरा पडला. जावई वाचायला लागला आणि माझं डोकं फिरलं. "अरे, साहेब असा नाही बोलत!"

"मग कसा बोलतो?" त्यानं अगदी मनापासून विचारलं.

नवऱ्यानं उठून करून दाखवलं. जावयानं तीनदा प्रयत्न केला. छे! तो आपला साध्या माणसासारखाच बोलत राहिला. खरा अमेरिकन साहेबाच्या कामात नापास झाला, आणि यात काही विचित्र आहे असं आमच्यापैकी एकालाही वाटलं नाही. मी त्याला मामाचं काम दिलं. धोतर, टोपी, मिशी आणि बारा वाक्यं. पठ्ठ्यानं महिनाभर ऑफिसला जाताना गाडीत बसून ती पाठ केली.

प्रयोगाच्या दुपारी शाळेची म्युझिक रूम आमची ग्रीनरूम होती. दुसरी घंटा झाली. नवऱ्याला पांढरा करून झाला आणि मी जावयाला खुर्चीवर बसवलं. टोपी झकास, मिशी झकास, आणि मधे ते गुलाबी गाल. मामा कसला, तापानं फणफणलेला पेशंट वाटत होता. मी तपकिरी रंगाची डबी उघडली.

"आई, हे लागेल का?" तो हळूच म्हणाला.

"लागेल का म्हणजे? गप बस, हलू नकोस."

त्यानं डोळे मिटून घेतले. गोऱ्या माणसानं असा रंग फासणं इथे अपमानाचं समजतात, हे त्याला कळत होतं, पण सासूला नाही म्हणायची हिंमत झाली नाही, असं त्यानं नंतर मला सांगितलं. एक गाल रंगवून झाला आणि लेक चहा घेऊन आत आली.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं कप पियानोवर ठेवले. "आई, पूस ते."

"अगं, पाच मिनिटांत पडदा..."

"पूस. राइट नाउ."

मी भडकले. "सोळा वर्षं तुझ्या बापाला पांढरा करतेय, तेव्हा कुणाचं काही बिघडलं नाही ते!"

तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. ती बापाकडे बघत होती. "बाबा, तुझा तो ट्रेनचा सिनेमा. मी बघायचं का सोडलं, माहितेय?"

मग तिनं सांगितलं. त्या वर्षी तिच्या वाढदिवसाला मैत्रिणी राहायला आल्या होत्या आणि बाबानं हौसेनं त्यांना तो सिनेमा लावून दिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं त्यांना नुसतं विचारलं, दूध हवंय का, आणि सगळ्या फिदीफिदी हसायला लागल्या. मग वर्षभर शाळेत तिला तोच आवाज, तीच मान. "दे थॉट इट वॉज यू, बाबा."

"पण तो मी नव्हतोच गं," नवरा म्हणाला. विग त्याच्या हातात होता. "मला तर असा भारतीय माणूस कधी कुठे भेटला नाही. गंमत होती ती."

"मला माहीत होतं. त्यांना नव्हतं." तिला रडू फुटलं. "आणि मीपण केली. त्यांच्यासमोर. तुझी नक्कल. सगळ्या हसल्या आणि मला बरं वाटलं."

माझ्या घरात, माझ्या डोळ्यांसमोर पोर इतकी वर्षं हे घेऊन वावरली आणि मी त्याला वयाचे नखरे म्हणत होते. धिक्कार असो माझा! मी जावयाच्या हातात ओला रुमाल दिला. तो गाल पुसायला लागला.

तिसरी घंटा झाली. कुणी हललं नाही.

"कशी केली होतीस?" नवऱ्यानं विचारलं. "करून दाखव."

"बाबा, नो."

"दाखव बघू."

तिनं रडत रडतच मान डोलवली आणि त्या आवाजात दूध हवंय का विचारलं. नवऱ्यानं नीट ऐकून घेतलं.

"मी असा बोलतो?"

"नाही."

"मग ती माझी नक्कल नव्हतीच. त्या नटाची होती. बापाला कुठे हसलीस तू?" तो तिच्यासमोर स्टुलावर बसला. "आता माझी कर."

तिनं नाक पुसलं. त्याच्याकडे नीट बघितलं. मग घसा खाकरला, आणि ती बोलायला लागली तेव्हा मी दचकलेच, कारण आवाज हुबेहूब त्याचा होता. घाईघाईचा, शेवटी थोडा चिरकणारा. "हे बघ, पोचलीस की फोन कर. बिझी असशील तर नुसती रिंग दे. मी जागा आहे."

"हा मी," नवरा म्हणाला, आणि हातातला विग त्यानं पियानोवर चहाच्या कपांशेजारी ठेवून दिला.